पाटाच्या कडेने, पाणंदीतून: गाड्यांविना ग्रॅव्हल सायकलिंगचा रस्ता कसा शोधावा

पुण्यातून सायकल घेऊन कुठल्याही दिशेला निघा, पहिले वीस-पंचवीस किलोमीटर डंपर, टँकर आणि घाईत असलेल्या मोटारींच्या धाकात जातात. नाशिक, कोल्हापूर, सोलापूरकडच्या मित्रांचीही हीच तक्रार. म्हणून अनेकजण पहाटे चारला उठून हायवेवरच पन्नास किलोमीटर मारून परत येतात आणि सायकलिंग म्हणजे एवढंच असं धरून चालतात. मला याचं वाईट वाटतं, कारण गाड्या नसलेल्या रस्त्यांचं मोठं जाळं आपल्याकडे आधीपासून आहे. कालव्यांच्या भरावावरचे रस्ते, दोन गावांच्या शिवेवरून जाणारे शिवरस्ते, शेताशेतांतल्या पाणंदी, नदीकाठच्या गाडीवाटा आणि बंधारे, वनखात्याचे मुरमाचे रस्ते. यातला एकही सायकलस्वारांसाठी बांधलेला नाही. पण चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीचं टायर असलेली सायकल यांवर मजेत चालते. अशा खडी-मातीच्या रस्त्यांवरच्या सायकलिंगलाच ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात.

तयार जीपीएक्स फाइल (रस्त्याची रेघ साठवलेली फाइल) उतरवून घेऊन निघणाऱ्यांना या लेखाचा फारसा उपयोग नाही. अशी फाइल जानेवारीत बनवलेली असते आणि तुम्ही ऑगस्टमध्ये जाता, तेव्हा तोच रस्ता सायकल खांद्यावर घ्यायला लावतो. इथे रस्ता ठरवतात माती आणि पाणी, नकाशा त्यानंतर. हे एकदा डोक्यात बसलं की आपल्या घराजवळचा रस्ता आपल्याला शोधता येतो.

कालव्याचा रस्ता: सुरुवात इथूनच करा

कालव्याला आपण पाट म्हणतो, कॅनॉल म्हणतो. त्याचं वैशिष्ट्य असं, की तो डोंगरउताराच्या समपातळीने जातो. पाणी नुसत्या उताराने वाहून न्यायचं असल्यामुळे उतार अगदी थोडा ठेवलेला असतो, किलोमीटरला काही सेंटिमीटर ते फूटभर. म्हणजे कालव्याच्या कडेने जाणारा रस्ता जवळपास सपाट, मात्र टेकडीला, ओढ्याला वळसे घालत जाणारा. नवख्या माणसाला, मुलांना, गुडघे दुखणाऱ्यांना यापेक्षा चांगला कच्चा रस्ता मिळणार नाही.

कालव्याच्या एका काठावर तपासणीसाठी रुंद रस्ता असतो. जलसंपदा खात्याची जीप, कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी, दुरुस्तीचं पोकलेन त्यावरून जातं. दुसऱ्या काठाचा भराव बहुधा अरुंद, झुडपांनी भरलेला. नवीन माणूस हमखास चुकीच्या काठाला लागतो आणि दोन किलोमीटरवर बाभळीत अडकतो. उपग्रहचित्रात रुंद, फिकट रेघ ज्या काठावर सलग दिसते तो काठ धरायचा. ती रेघ काही ठिकाणी पुलावरून काठ बदलते, त्या जागा खूण करून ठेवा.

रस्ता तुटतो तो ओढ्यांवर. मोठा ओढा आडवा आला की कालवा जलसेतूवरून पलीकडे जातो किंवा सायफनने जमिनीखालून. जलसेतूच्या कडेने चालायला कठडा असला तरी त्यावरून सायकल न्यायचा मोह टाळा. खाली ओढ्यात उतरून पलीकडे चढणारी वाट असतेच, कारण शेतकऱ्यांनाही पलीकडे जायचं असतं. जलसेतूच्या आणि पुलांच्या खालच्या बाजूला आग्या मोहोळ असू शकतं, तिथे थांबून मोठ्याने बोलू नका आणि धूर होईल असं काही करू नका.

आणखी एक गोष्ट रस्त्यावर गेल्याशिवाय कळत नाही. कालव्यातून पाणी उचलणारे पाइप भरावावरून आडवे टाकलेले असतात. काही मातीत पुरलेले, काही उघडे. वेगात असताना चार इंची पाइप आडवा आला तर पुढचं चाक वाकतं. म्हणून कालव्यावर सलग वेग धरायचा नाही, नजर पंधरा-वीस मीटर पुढे ठेवायची.

कालव्याच्या पाण्यात उतरायचं नाही. अस्तरीकरण केलेल्या कालव्याचे उतार शेवाळाने निसरडे असतात, पाणी वरून संथ दिसतं आणि आत जोर असतो. पट्टीचा पोहणाराही सिमेंटच्या उताराला हात धरून बाहेर येऊ शकत नाही. बाटली भरायची असेल तर शेजारच्या वस्तीवर विचारा, पाण्याला कुणी नाही म्हणत नाही.

आणि परवानगीचं. हा रस्ता सरकारचा आहे, पण सार्वजनिक वाहतुकीसाठी बांधलेला नाही. गावकरी वर्षानुवर्षं त्यावरून ये-जा करतात, सायकलीला सहसा कुणी हटकत नाही. पण जिथे फलक लावलाय, साखळी बांधलीय, काम चालू आहे, धरणाच्या भिंतीजवळचा भाग आहे, तिथे वळून यायचं. धरणाच्या परिसरात बंदोबस्त असतो आणि तो योग्यच आहे.

नकाशावरचं काम: दोन संध्याकाळी द्या

पहिल्या संध्याकाळी उपग्रहचित्र उघडा. धरण किंवा बंधारा शोधा, त्यातून निघणारा कालवा बोटाने पुढे पुढे न्या. वीस-पंचवीस किलोमीटरचा तुकडा निवडा, त्याहून मोठा नको. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, ती जरूर बघा. एप्रिलच्या चित्रात पांढरा दिसणारा रस्ता ऑक्टोबरच्या चित्रात गवतात गायब झालेला दिसला, तर तो वर्षातले चार महिने चालत नाही हे घरबसल्या कळतं.

लोकांनीच बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर कालवे बहुतेक ठिकाणी काढलेले आहेत, कडेचे रस्तेही बरेच. कोमूट किंवा राइड विथ जीपीएस ही रस्ता आखायची ॲप याच नकाशावर चालतात, त्यामुळे तिथे रस्ता नसेल तर ॲप तुम्हाला हटकून डांबरी रस्त्यावर ढकलेल. अशा वेळी ॲपमधला 'रस्त्याला चिकटून जा' हा पर्याय बंद करून रेघ हाताने ओढा. स्ट्राव्हाचा हीटमॅपही बघा, लोक कुठून सायकल चालवतात ते त्यात दिसतं. शहराजवळ तो कामाचा आहे, आत गेलं की कोराच असतो, आणि कोरा आहे म्हणून रस्ता नाही असं समजू नका.

दुसरी संध्याकाळ गावनकाशासाठी. महसूल खात्याच्या महाभूनकाशावर गाव निवडलं की गट नंबरांसह नकाशा दिसतो, आणि मूळ गावनकाशे तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयात बघायला मिळतात. मूळ गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते, पायमार्गाची सव्वाआठ फूट. सायकलस्वारासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे: दुहेरी तुटक रेषेवरून तुम्ही कुणाच्याही खासगी शेतातून जात नाही, हक्काच्या वाटेने जाता.

अर्थात नकाशात आहे म्हणून जमिनीवर असेलच असं नाही. कित्येक पाणंदी दोन्ही बाजूंच्या बांधांनी आवळत नेऊन बैलगाडीही जाणार नाही अशा केल्या आहेत, काहींवर ऊस उभा आहे, काहींवर वर्षानुवर्षं दावे चालू आहेत. उलट काही पाणंदी मोकळ्या होऊन त्यांवर मुरूम पडला आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, त्यानंतर बऱ्याच गावांत खडी-मुरमाचे छान रस्ते झाले. म्हणून गावनकाशा आणि ताजं उपग्रहचित्र शेजारी शेजारी ठेवून, दोन्हींत दिसतात तेच तुकडे पक्के धरा.

सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारी (१:५०,००० प्रमाणाचे) नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून भारतीय नागरिकांना मोफत मिळतात. त्यातल्या रस्त्यांची माहिती जुनी असते, पण समोच्च रेषा, ओढे, विहिरी आणि वनहद्द त्यात स्पष्ट दिसतात. जंगलाच्या बाजूला जायचं असेल तर हा नकाशा बघितल्याशिवाय जाऊ नका.

रेघ काढून झाली की तिच्यावर सुटकेच्या जागा टाका. दर पाच-सात किलोमीटरवर डांबरी रस्त्याला भेटणारा एक फाटा हवा, आणि तिथून जवळचं एसटीचं गाव कोणतं हे माहीत हवं. मी ही गोष्ट कागदावर लिहून सायकलच्या वरच्या नळीला चिकटवतो. फोनची बॅटरी संपली तरी कागद राहतो.

माती बघून तारीख ठरवा

देशावर प्रामुख्याने तीन प्रकारची जमीन भेटते. माळाची मुरमाड जमीन, मधली करडी, आणि नदीकाठची खोल काळी. मुरमाडावर पाऊस थांबला की काही तासांत सायकल चालते. करड्या जमिनीला एक दिवस पुरतो. काळीचा प्रश्न वेगळा. ओली काळी माती टायरला बसते, मग त्या थरावर दुसरा थर बसतो, त्यात पाचट आणि गवत अडकतं, आणि शंभर पावलांत चाक फोर्कमध्ये गच्च अडकून फिरायचं थांबतं. काडीने खरवडून काढावी तर पुढच्या शंभर पावलांत पुन्हा तेच. जोर लावून पेडल मारलं तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये जाऊन मोडतो आणि तिथून पुढे चालतच घरी. अशा मातीतून सायकल ढकलूही नका, उचला आणि बांधावरच्या गवतातून चाला.

म्हणून काळ्या रानातल्या पाणंदीत पावसानंतर निदान तीन कोरडे दिवस जाऊ द्या. शेतात वाफसा आला आहे, कुळव चालतोय असं दिसलं की पाणंदही चालते. पाऊस नसतानाही सावध राहा. उसाला पाणी चालू असलेल्या शेताची चारी फुटली की कोरड्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर वीस मीटर चिखल असतो.

हंगामाचं गणित साधारण असं. जून ते सप्टेंबर फक्त मुरमाड माळ, खडीचे रस्ते आणि घाटमाथ्याचे डांबरी रस्ते. ऑक्टोबर फसवा महिना आहे, परतीचा पाऊस येऊन जातो आणि गवत कमरेएवढं असतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर सगळं खुलं. मार्चनंतर रस्ते कडक आणि धुळीचे, सकाळी दहाच्या आत घरी पोचायचं असेल तरच.

कालव्यालाही त्याचा हंगाम असतो. रब्बीची आणि उन्हाळी आवर्तनं (कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळ्या) सुटली की काही ठिकाणी भरावातून पाझर येतो आणि खालचा रस्ता पाणथळ होतो. आवर्तन बंद झालं की साफसफाई निघते. पोकलेन कालव्यातला गाळ आणि जलपर्णी उपसून नेमकी रस्त्यावर टाकतं, ती वाळून पसरेपर्यंत तिथून सायकल जात नाही. आवर्तनाच्या तारखा स्थानिक वर्तमानपत्रांत येतात, पण खात्रीची बातमी पाटकऱ्याकडेच मिळते.

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. एरवी शांत असलेल्या पाणंदीतून डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात, चालकाला तुमची घंटी ऐकू येत नाही आणि मागची ट्रॉली वळणावर आत येते. समोरून ट्रॉली दिसली की सायकलवरून उतरून बांधावर चढा. कारखान्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या आतले रस्ते या दिवसांत टाळलेले बरे.

सायकल, टायर आणि काटे

खास ग्रॅव्हल सायकलच हवी असा आग्रह नाही. चाळीस मिलिमीटर टायर बसतं अशी हायब्रीड, किंवा पुढचं सस्पेन्शन लॉक होणारी माउंटन बाइक, दोन्ही चालतात. रोड बाइकला बत्तीस बसत असेल तर कालव्याच्या चांगल्या तुकड्यांवर जमतं, पाणंदीत नाही. फोर्क आणि टायर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी, चिखलाचं कारण वर आलंच आहे. मडगार्ड पावसाळ्यात लावत असाल तर टायरपासून लांब बसणारे लावा किंवा काढून ठेवा.

हवा कमी ठेवा. सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या माणसाला चाळीसच्या ट्यूबलेस टायरमध्ये तीस ते पस्तीस पीएसआय पुरते, ट्यूब असेल तर चाळीस-पंचेचाळीस, नाहीतर दगडावर ट्यूब चिमटून फुटते. खडीवर हात बधिर होत असतील तर आधी हवा तपासा, हँडलचं टेप नंतर बदला.

आपल्या रस्त्यांवरचा खरा शत्रू काटा आहे. बाभूळ, त्याहून वाईट वेडी बाभूळ, आणि माळावर जमिनीलगत पसरलेले सराटे. शेतकरी बांधावरच्या बाभळी छाटतात तेव्हा काट्या वाटेवर पडतात आणि वाळल्यावर लोखंडी होतात. म्हणून माझं ठाम मत, देशावर पैसे खर्च करायचे असतील तर आधी ट्यूबलेसवर करा. आत सीलंट (भोक बुजवणारं द्रव) असेल तर काटा उपटून ते भोक खाली येईल असं चाक धरायचं, थोडं सीलंट बाहेर येतं आणि भोक बुजतं. उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दोन महिन्यांनी वॉल्व्ह काढून बघत जा.

ट्यूबवर चालवत असाल तर दोन जादा ट्यूब, पॅच, पंप हे हवंच. पंक्चर काढताना टायर पूर्ण उतरवून आतून रुमाल फिरवा. काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं असतं, ते बाहेरून दिसत नाही, रुमालाला अडकतं. ते न काढता नवी ट्यूब टाकली तर ती पहिल्या किलोमीटरला जाते. टोक नखाने निघत नाही, बारीक चिमटा सोबत ठेवा. डिरेलर हँगर (डिरेलर सायकलला जोडणारा तुकडा) तुमच्या सायकलच्या मापाचा जादा ठेवा, तो तालुक्याच्या गावात मिळत नाही.

विचारावं कसं

पहिली फेरी पाहणीची समजा. अर्धं अंतर, भरपूर वेळ, आणि वाटेत भेटेल त्याला विचारणं. पण प्रश्न नीट विचारला तरच उत्तर उपयोगी येतं. 'पुढे रस्ता चांगला आहे का?' असं विचारलं की माणूस तुमच्या महागड्या सायकलीकडे, हेल्मेटकडे बघतो आणि डांबरी रस्त्याचा पत्ता सांगतो. त्याच्या मते चांगला रस्ता तोच. त्याऐवजी असं विचारा:

"मामा, पाटानं पुढं वडगावापर्यंत मोटारसायकल जाते का?"

"जाती की. दूधवाला रोज जातो. पर त्या मोरीपशी खचलंय, तितनं खाली उतरून जावा."

इतकं पुरेसं असतं. मोटारसायकल जाते म्हणजे सायकल जाते. ट्रॅक्टर जातो म्हणजे रुंदी आहे, पण चाकोऱ्या खोल असतील. 'पायी जातात' असं उत्तर आलं तर फिरा. दूध गोळा करणारा, पाटकरी आणि मेंढपाळ या तिघांना रस्त्यांची जितकी माहिती असते तितकी कुठल्या ॲपला नसते. अंतर मात्र विचारू नका, 'हे काय, हितंच' या उत्तरात पाव ते पाच किलोमीटर काहीही बसतं. त्याऐवजी 'मधे किती वस्त्या लागतात' हे विचारा.

एक नमुना: बारामती ते नीरा, डाव्या कालव्याने

नीरा नदीच्या खोऱ्याची रचना ग्रॅव्हलसाठी फार सोयीची आहे. भाटघर धरणाचं पाणी नीरेतून वीर धरणात येतं आणि तिथून दोन्ही बाजूंना कालवे निघतात. डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, तो पुरंदर, बारामती, इंदापूरकडे जातो. उजवा विसाव्या शतकातला, तो खंडाळा, फलटण, माळशिरसच्या बाजूला. दोन कालवे, मध्ये नदी, नदीवर बंधारे. डाव्या कालव्याची लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यातला बारामती ते नीरा हा तुकडा शिकण्यासाठी उत्तम.

नीरेहून बारामतीकडे जावं असं आधी मनात येतं, कारण पाणी त्या दिशेने वाहतं. पण उतार इतका किरकोळ आहे की पायांना कळतही नाही. वारा आणि सूर्य कळतात. हिवाळ्यात वारा बहुतेकदा पूर्वेकडून असतो आणि सकाळचं ऊन समोरून डोळ्यांत घुसलं तर पाइप आणि खड्डे दिसत नाहीत. म्हणून हिवाळ्यात सकाळी बारामतीहून पश्चिमेकडे निघा, दोन्ही पाठीशी राहतात.

बारामती शहरातून कालवा जातो, तिथे त्याचे काठ सुशोभित केलेले आहेत आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, सायकल हळू न्या. पुढे माळेगाव, पणदरे, कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर, करंजेपूल, निंबुत ही गावं लागतात. सडकेने हे अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, कालवा वळसे घेतो म्हणून त्याहून जास्त. रस्ता एकसारखा नाही: कुठे डांबरी, कुठे मुरूम, कुठे गवतातून दोन चाकोऱ्या. नीरा-बारामती सडक जवळून समांतर जाते, हा या तुकड्याचा मोठा गुण आहे. काहीही बिघडलं तर शेतातल्या वाटेने सडकेला लागता येतं, आणि चहा-मिसळीलाही तीच सडक. माळेगाव आणि सोमेश्वरनगर इथे साखर कारखाने आहेत, गाळप चालू असताना त्या दोन पट्ट्यांत उसाची वाहतूक भेटणार हे धरून चाला.

नीरा स्टेशन पुणे-मिरज मार्गावर आहे आणि बारामतीला दौंडहून रेल्वे येते, त्यामुळे एका गाडीने जाऊन दुसरीने परतणं कागदावर जमतं. सायकल लगेज म्हणून बुक करावी लागते आणि लहान स्टेशनवर ती सोय असेलच असं नाही, गाड्याही मोजक्या. आधी स्टेशनवर चौकशी करा. नाही जमलं तर अर्ध्यातून परत फिरा, उलट दिशेने तोच कालवा वेगळा दिसतो.

दोन-तीन वेळा जाऊन अंदाज आला की नदीकडे वळा. नीरेवर, तशीच भीमा, कृष्णा, पंचगंगेवर, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वरून जायला अरुंद स्लॅब असतो आणि गावकरी त्यावरून नदी ओलांडतात. सायकलस्वाराला यामुळे दोन्ही काठांचे शेतरस्ते जोडता येतात, मोठ्या पुलाचा वळसा वाचतो. पण कित्येक बंधाऱ्यांना कठडा नाही. तिथे उतरून, सायकल पाण्याच्या उलट बाजूला धरून चालत जायचं. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली जातात. कोल्हापूरचा राजाराम बंधारा दरवर्षी बातम्यांत असतो तो त्यासाठीच. स्लॅबवरून बोटभर जरी पाणी वाहत असेल तरी ओलांडू नका.

उजनीच्या फुगवट्याच्या काठाने, भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. तिथे पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर होते. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली लिबलिबीत असतो, म्हणून पाण्याच्या कडेला न जाता वरच्या गाडीवाटेनेच जा. पक्षीही त्यामुळे उठत नाहीत.

जंगलाचा रस्ता: आधी माणूस, मग सायकल

इथे मी कडक आहे. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि सायकल शांत असते म्हणून तिला सूट नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. एवढ्याशा जागेत चिंकारा राहतात, तिथे मागच्या वाटेने शिरणं म्हणजे त्यांना कुंपणाबाहेर कुत्र्यांच्या तोंडी हाकलणं. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य तर त्याहून लहान.

अभयारण्याबाहेरच्या राखीव वनातून गावांना जोडणारे रस्ते असतात, त्यांवरून बहुतेक ठिकाणी जाता येतं. तरी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा किंवा गावातल्या वनरक्षकाला भेटा. कुठून कुठे, किती जण, किती वाजता, हे सांगितलं की बहुतेक वनरक्षक स्वतःहून चांगला रस्ता सुचवतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत वणव्याचा हंगाम असतो, तेव्हा काही रस्ते बंद ठेवतात. उपग्रहचित्रात सरळ, रुंद, फिकट पट्टे दिसले तर ते रस्ते समजू नका, त्या जाळरेषा असतात, वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे. त्या उभ्या चढावरून सरळ जातात आणि त्यांवर खुंट असतात.

इंदापूर, बारामती, दौंडच्या माळरानांवर लांडगे आणि चिंकारा आहेत. गवताळ रान उघडं दिसतं म्हणून त्यावरून आडवंतिडवं सायकल घालू नका, जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथेच असतात. एकच चाकोरी धरा.

बिबट्याबद्दल स्पष्ट सांगतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड, तसंच निफाड, संगमनेर या उसाच्या पट्ट्यांत बिबटे शेतातच राहतात. तिथल्या कालव्यांवर आणि पाणंदींत सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर जायचं नाही. एकट्याने तर नाहीच. उसाच्या कडेला वाकून, बसून पंक्चर काढू नका, सायकल ढकलत मोकळ्या जागी किंवा वस्तीवर या.

वस्तीवरून जाताना

वाट शेतकऱ्याच्या दारातून जाते तेव्हा आपण पाहुणे असतो. सायकल हळू करा, रामराम म्हणा, वाळत घातलेल्या धान्यावरून चाक नेऊ नका. कुत्री धावून आली तर पळवू नका. खाली उतरा, सायकल मध्ये घ्या, शांतपणे चाला, वस्तीची हद्द संपली की ती आपोआप मागे फिरतात. मेंढ्यांचा कळप समोर आला तर बाजूला थांबून तो जाऊ द्या, धनगरांची कुत्री कळपात घुसणाऱ्याला सोडत नाहीत.

वाटेवर बोरी-बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या असतील तर वाट बंद आहे. कुणी दिसलं तर विचारा, जाऊ दिलं तर काट्या होत्या तशा परत लावा. द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा, ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला गेल्यावर निघा.

दर माणशी किमान दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, प्रथमोपचार आणि घरी कुणाला तरी रस्त्याची रेघ पाठवलेली. अपघात झाला तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. कालव्यावर पत्ता सांगणं कठीण जातं, म्हणून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि जवळच्या फाट्याचा (कालव्यातून निघणाऱ्या पोटकालव्याचा) नंबर जाता जाता वाचत जा. त्या भागातला माणूस फाट्याच्या नंबरावरून जागा लगेच ओळखतो.

इतर भागांतले वाचक

नाशिक-नगरकडच्यांनी नांदूर मधमेश्वरहून निघणारे गोदावरीचे कालवे आणि प्रवरेचे कालवे बघावेत, जमीन काळी आहे म्हणून डिसेंबरनंतरच. मराठवाड्यात जायकवाडीचा डावा कालवा पैठणपासून परभणीच्या दिशेने दोनशे किलोमीटरहून लांब जातो, सावली कमी, पाणी जास्त घ्या. भंडारा-गोंदियात माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या) तलावांच्या पाळीवरून आणि भातखाचरांच्या बांधांवरून सुंदर छोटे फेरे जमतात. कोकणात जांभ्याचे सडे पाऊस थांबताच चालू लागतात, फक्त ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं. गोव्यात जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर उतरा, तिथले आतले रस्ते शांत आहेत, आणि खाजन (खाऱ्या पाण्यालगतच्या) शेतीच्या बांधांवरून जाताना मानशीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, फळ्यांना हात लावू नका, त्यावर खारं पाणी अडवलेलं असतं.

फेरी झाल्यावर

त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, ओपनस्ट्रीटमॅपवर तुम्ही गेलेल्या रस्त्याला पृष्ठभाग लिहा: मुरूम, माती, खडी, डांबर. तुटलेली मोरी, बंद वाट, कठडा नसलेला बंधारा यांच्या खुणा टाका. महिना जरूर नोंदवा. ज्या तुकड्यात कुणाच्या अंगणातून जावं लागलं तो मात्र सार्वजनिक करू नका, उद्या तिथून चाळीस जणांचा ग्रुप जाईल आणि परवा तिथे काट्या पडतील. साखळी धुऊन, पुसून, कोरडं वंगण लावा. टायर हाताने चाचपून अडकलेले काटे काढा आणि रात्रभर सायकल तशीच ठेवून सकाळी हवा बघा.